वादळ येतंय, तिकीट काढलंय... निघायचं का?

दिवाळीची सुट्टी आणि मे महिन्याची सुट्टी. बहुतेक कुटुंबं समुद्र बघायला निघतात ती याच दोन मोसमांत, आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही नेमकी याच दोन मोसमांत उठतात. अशा वेळी हातातल्या तिकिटाचं ऐकायचं की वेधशाळेचं? समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यालाही हा प्रश्न चुकलेला नाही.

जुनं जबलपूर बघायचं तर कमानिया गेटापासून सुरुवात करावी. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभी राहिलेली ही कमान, शेजारीच बडा फुहारा, बाजाराची गर्दी आणि कढईतून निघणारी काळसर, जाडजूड खव्याची जिलेबी. तिथून गल्लीबोळांतून आत वळलं की दीक्षितपुरा. अरुंद रस्ते, एकमेकांना खेटून उभी असलेली घरं, ओट्यावर उघडलेला सकाळचा पेपर आणि हिंदीच्या गजबजाटात मधूनच कानावर पडणारी मराठी.

जबलपुरात मराठी माणूस काही काल-परवा आलेला नाही. १८१७ साली इंग्रजांनी हे शहर घेतलं, त्याआधी इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे १८७० मध्ये मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेले लोहमार्ग याच शहरात जोडले गेले. १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली. रेल्वे, कारखाना, कचेऱ्या, शाळा अशा नोकऱ्यांच्या निमित्तानं मराठी कुटुंबं येत राहिली आणि इथलीच होऊन गेली.

या मंडळींना समुद्राची ओढ भारी. कारण तो त्यांच्या वाट्याला कधीमधीच येतो. नर्मदा घरची. ग्वारीघाटावर संध्याकाळी सहज जाऊन यावं इतकी जवळची. पण सगळ्यांत जवळचा समुद्रकिनारा गाठायचा तरी साडेसहाशे-सातशे किलोमीटर जावं लागतं. त्यातून समुद्र आणि देवदर्शन एकाच फेरीत साधायचं, तर दोन वाटा ठरलेल्या. पश्चिमेला सोमनाथ, ज्याच्यासाठी जबलपूरहूनच गाडी आहे. पूर्वेला जगन्नाथपुरी. तिकडे जाणारी बरीच मंडळी कटनीला जाऊन उत्कल एक्स्प्रेस पकडतात आणि बिलासपूर, राउरकेला करत पुरी गाठतात. दोन्ही ठिकाणी देवळाच्या जवळच समुद्र. आजीचं दर्शन होतं आणि नातवंडांचं डुंबणंही.

अडचण एकच. या दोन्ही वाटा वादळांच्या वाटा आहेत.

सुट्टीचं आणि वादळाचं एकच कॅलेंडर

आपल्याकडे चक्रीवादळांचे दोन मोसम असतात. एक पावसाळ्याच्या आधीचा, एप्रिल ते जूनच्या सुरुवातीचा. दुसरा पावसाळा सरल्यानंतरचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. समुद्राचं पाणी पुरेसं तापलेलं असतं आणि वरच्या थरातले वारे वादळाला घडू देतात, असे हे महिने. ऐन पावसाळ्यात उपसागरात कमी दाबाची क्षेत्रं पुष्कळ होतात, पण वरचे जोरदार वारे त्यांची मोठी वादळं सहसा होऊ देत नाहीत.

आता शाळांच्या सुट्ट्या आठवून पाहा. परीक्षा संपल्यावरचे एप्रिल-मे आणि दसरा-दिवाळीचे ऑक्टोबर-नोव्हेंबर. जणू दोघांनी ठरवूनच तारखा घेतल्या आहेत!

तारखाच बोलतात. ओरिसाचं महाभयंकर चक्रीवादळ आलं २९ ऑक्टोबर १९९९ ला, दिवाळीच्या तोंडावर. 'फायलिन' गोपाळपूरजवळ आदळलं १२ ऑक्टोबर २०१३ ला, ऐन नवरात्रात. बरोबर वर्षानं, १२ ऑक्टोबर २०१४ ला, 'हुदहुद'नं विशाखापट्टणम झोडपलं. 'फणी' पुरीजवळ आलं ३ मे २०१९ ला. 'दाना' ओडिशाच्या भितरकनिका-धामरा भागात आलं २४-२५ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री, दिवाळीला आठवडा उरलेला असताना. पश्चिमेकडेही तेच. 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर ३ जून २०२० ला आणि 'बिपरजॉय' कच्छमध्ये जखाऊजवळ १५ जून २०२३ ला.

याचा अर्थ सुट्टीत समुद्राकडे जाऊच नये, असा नाही. बहुतेक सुट्ट्या निवांत पार पडतात. पण तिकीट काढतानाच हे कॅलेंडर माहीत असलेलं बरं.

घरातला कौल

असं एक घर डोळ्यांसमोर आणा. दीक्षितपुऱ्यातलंच. पुरीची तिकिटं दोन महिन्यांपूर्वी काढलेली. बाबांची एलटीसी, जी या खेपेला घेतली नाही तर बुडेल. आजीचं वय सत्तरीच्या पुढे, चार धामांतलं एकच राहिलेलं. नातवानं प्लॅस्टिकची बादली आणि फावडं बॅगेत आधीच भरून ठेवलेलं. निघायला चार दिवस उरलेत आणि ओट्यावर बसलेले आजोबा पेपरावरून नजर वर करून म्हणतात, "अगं, बंगालच्या उपसागरात काहीतरी शिजतंय."

मग घरात दोन पक्ष पडतात.

"वेधशाळेनं पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, असं म्हणायचे लोक," बाबा म्हणतात. "अजून चार दिवस आहेत. वळेल कुठेतरी."

"आणि नाही वळलं तर? आईंना घेऊन मी कुठे धावू?" सूनबाईंचा सवाल.

आजीचं उत्तर तयार असतं. "जगन्नाथानं बोलावलंय, तोच सांभाळेल."

तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. बाबांना पैशांची आणि रजेची काळजी आहे, सूनबाईंना माणसांची आणि आजीला हातून निसटणाऱ्या वेळेची. सत्तरीनंतर 'पुढच्या वर्षी जाऊ' हे वाक्य ऐकायला सोपं नसतं. म्हणूनच हा निर्णय भीती किंवा धाडसावर सोडून चालत नाही. तो माहितीवर घ्यावा लागतो. आणि सुदैवानं आज माहिती आहे.

वेधशाळेची थट्टा आता पुरे

१९९९ च्या वादळात ओरिसात जवळजवळ दहा हजार माणसं मेली. वादळ येणार हे कळलेलं होतं, पण ते किती मोठं, नेमकं कुठे आणि लोकांना हलवायचं कुठे, याची तयारी पुरेशी नव्हती. त्या धड्यातून ओडिशानं किनाऱ्यावर शेकडो वादळनिवारे बांधले. हवामान खात्याकडे डॉप्लर रडार आले, उपग्रह सुधारले, संगणकी अंदाज नेमके झाले.

चौदा वर्षांनी फायलिन आलं तेव्हा परदेशातल्या काही संस्था ते १९९९ सारखंच ठरेल असं सांगत होत्या. आपलं हवामान खातं मात्र आपल्या आकड्यावर ठाम राहिलं आणि वादळ साधारण त्याच जोरानं, सांगितलेल्या भागात आलं. सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवलेलं होतं. मृतांचा आकडा दहा हजारांवरून पन्नासच्या आसपास आला. त्यानंतर छत्री घरी ठेवण्याचा विनोद करायचा तर जरा जपूनच.

इशारे ठरलेल्या क्रमानं येतात. किनाऱ्याला धोका दिसू लागला की साधारण ७२ तास आधी पहिली पूर्वसूचना. ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी नारिंगी आणि वादळ किनारा ओलांडण्याच्या सुमारे १२ तास आधी लाल. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या वर गेला की त्याला चक्रीवादळ म्हणतात आणि मगच नाव मिळतं. ताशी ११८ किलोमीटरच्या पुढे ते अतितीव्र होतं.

पेपरात किंवा टीव्हीवर वादळाच्या मार्गाचा जो नकाशा येतो, तो नीट पाहायला शिकावं. मधली रेघ म्हणजे सर्वांत संभाव्य मार्ग. तिच्या दोन्ही बाजूंना पंख्यासारखा पसरत गेलेला पट्टा म्हणजे अंदाज किती चुकू शकतो त्याची हद्द. आपलं गाव रेघेवर नाही म्हणून हुश्श करायचं नसतं. ते पट्ट्यात आहे का, हे बघायचं असतं. चार-पाच दिवस आधी हा पट्टा फार रुंद असतो, दोन दिवस आधी बराच अरुंद होतो. म्हणून चार दिवस आधी तिकीट फाडून टाकण्याची घाई नको आणि दोन दिवस आधी 'वळेल कुठेतरी' ही आशाही नको.

फणीचंच पाहा. २०१९ च्या एप्रिलअखेरीस ते तयार झालं तेव्हा त्याचा रोख तामिळनाडू आणि आंध्रच्या किनाऱ्याकडे वाटत होता. पुरीला जाणाऱ्यांनी तेव्हा निर्धास्त राहणं स्वाभाविक होतं. मग ते उत्तरेकडे वळलं आणि पुरीच समोर आली. म्हणजे 'वळेल कुठेतरी' ही आशा दोन्हीकडे कापते. दुसरीकडे जाणारं वादळही आपल्या गावाकडे वळू शकतं.

जाणं सोपं, परतणं अवघड

फणीच्या वेळी ओडिशा सरकारनं पर्यटकांना २ मेच्या संध्याकाळपर्यंत पुरी सोडायला सांगितलं. रेल्वेनं पाहुण्यांना बाहेर काढण्यासाठी खास गाड्या सोडल्या आणि नेहमीच्या कितीतरी गाड्या रद्द केल्या. भुवनेश्वरचा विमानतळ बंद झाला. ३ मेच्या सकाळी ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या पुढे वेग असलेला वारा पुरीवर आला. तोवर सुमारे बारा लाख लोकांना सुरक्षित जागी हलवलेलं होतं. तरीही ओडिशात साठहून अधिक बळी गेले. विजेचे खांब आडवे झाले, झाडं पडली. पुरीत अनेक भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. वीज नाही म्हणजे नळाला पाणी नाही, फोन नाही, एटीएम नाही.

'दाना'च्या वेळी तेच झालं. दोनशेहून अधिक गाड्या रद्द, पुरीतल्या पर्यटकांना परत जाण्याची विनंती, कोणार्कचं मंदिर बंद.

यातून एक गोष्ट लक्षात येते. सुट्टीवर निघताना आपण जायच्या गाडीचा विचार करतो. वादळाच्या दिवसांत परतीच्या गाडीचा विचार आधी करावा लागतो. आपण पोचू, वादळाच्या आदल्या दिवशी किनाऱ्यावर फोटोही काढू. पण त्यानंतर चार दिवस गाडी नसेल तर? आजींची रक्तदाबाची गोळी किती दिवस पुरेल? मुलाला दूध कुठून आणायचं?

आणखी एक बाजू आहे, जी घरातल्या चर्चेत सहसा येत नाही. वादळाच्या तोंडावर त्या गावातला प्रत्येक पोलीस, प्रत्येक बसचालक, प्रत्येक रेल्वे कर्मचारी तिथल्या माणसांना हलवण्यात गुंतलेला असतो. मासेमारांच्या वस्त्या रिकाम्या करायच्या असतात, म्हाताऱ्यांना उचलून निवाऱ्यात न्यायचं असतं. अशा वेळी हौसेनं आलेलं एक कुटुंब म्हणजे त्यांच्या डोक्यावरचा वाढीव भार. बसमधली पाच जणांची जागा कुणाची तरी असते.

जगभर हाच अनुभव आहे. आपल्याकडचं चक्रीवादळ, अटलांटिकमधलं हरिकेन आणि चीन-जपानकडचं टायफून ही एकाच प्रकारच्या वादळाची नावं. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला बेटांची एक माळ आहे. २०१७ च्या सप्टेंबरात 'अर्मा' हरिकेन येत होतं तेव्हा तिथल्या प्रशासनानं आधी पर्यटकांना बेटं सोडायला लावली आणि मग रहिवाशांना. निघण्याचा रस्ता एकच, म्हणून पाहुणे आधी बाहेर.

भेडाघाटला कळतं ते

खरं तर हे जबलपूरकरांना समजावून सांगायला नको. दर वर्षी पावसाळ्यात भेडाघाटचं नौकाविहार बंद होतं. उन्हाळ्यात ज्या संगमरवरी कड्यांमधून नावाडी गोष्टी सांगत होडी नेतो, तिथेच नर्मदा तांबडी होऊन रोरावत जाते. पूर मोठा असला की धुआंधार धबधबासुद्धा पाण्याखाली दिसेनासा होतो. नागपूरहून, मुंबईहून आलेले पाहुणे हिरमुसतात. "इतक्या लांबून आलोय, एक फेरी तरी मारा," अशी गळ घालतात. जबलपूरचा यजमान मात्र त्यांची समजूत घालून घरी आणतो. नर्मदेपुढे हट्ट चालत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असतं. पुरीला जाताना तो स्वतः पाहुणा असतो, एवढाच फरक.

या शहराला आणखी एक आठवण आहे. २२ मे १९९७ ची पहाट. साडेचारच्या आधी जमीन हादरली आणि जुन्या घरांच्या भिंती कोसळल्या. तीसहून अधिक माणसं गेली. तेही सुट्टीचेच दिवस होते. भूकंपानं कुणालाही एका मिनिटाचीही सूचना दिली नाही. ज्यांनी ती पहाट पाहिली त्यांना तीन दिवस आधी नाव, वेळ आणि ठिकाण सांगून येणाऱ्या संकटाची किंमत कळते. सूचना मिळूनही ती न वापरणं हे त्या पहाटेनंतर तरी शोभत नाही.

पैशांचं काय?

मध्यमवर्गीय घरात हा प्रश्न लहान नाही. रेल्वेचं आरक्षण पूर्वी चार महिने आधी करता येत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत दोन महिन्यांवर आली. तरी वादळ आठवडाभर आधीच कळतं, म्हणजे तिकीट काढताना त्याचा पत्ता नसतोच.

रेल्वेनं स्वतःच गाडी रद्द केली तर भाड्याचे पूर्ण पैसे परत मिळतात. आपण रद्द केलं तर कपात होते, आणि गाडी सुटायची वेळ जवळ येईल तशी ती वाढते. म्हणून पुष्कळ जण 'रेल्वेच रद्द करेल' म्हणून थांबतात. थांबायला हरकत नाही, पण गाडी रद्द झाली नाही म्हणजे जाणं सुरक्षित आहे, असा अर्थ काढू नये. जायची गाडी धावेल आणि परतीची रद्द होईल, हेही शक्य असतं.

हॉटेलला लगेच फोन करावा. वादळाच्या तोंडावर अनेक मालक पैसे बुडवण्यापेक्षा तारीख बदलून द्यायला तयार होतात. त्यांनाही पाहुणा पुन्हा हवा असतो. वादळाला नाव पडल्यानंतर काढलेला प्रवासविमा बहुधा त्या वादळापुरता उपयोगी पडत नाही, हेही ध्यानात ठेवावं. कपातीचे हजार-दोन हजार रुपये गेले तर वाईट वाटेल. पण आजींना घेऊन अंधाऱ्या हॉटेलात चार दिवस काढण्याशी त्याची तुलना करून पाहावी.

निघण्यापूर्वी एवढं बघा

• पाच दिवस उरलेत: बातमी रोज बघा. काही रद्द करू नका, पण हॉटेलचे आणि गाडीचे नियम विचारून ठेवा. दुसरं ठिकाण मनात असू द्या. पचमढी किंवा अमरकंटक जबलपूरहून समुद्रापेक्षा कितीतरी जवळ आहे.

• तीन दिवस उरलेत: आपलं ठिकाण नकाशावरच्या पट्ट्यात आहे का, ते पाहा. असेल तर याच दिवशी निर्णय घ्या. घरात वृद्ध, गर्भवती किंवा तान्हं मूल असेल तर उत्तर 'नको' हेच.

• दोन दिवस उरलेत आणि त्या भागाला इशारा आहे: बॅगा उघडा. स्थानिक प्रशासनानं पर्यटकांना 'येऊ नका' म्हटलं असेल तर चर्चा संपली.

• तिथेच असताना इशारा आला: शेवटच्या गाडीची वाट न बघता मिळेल त्या पहिल्या साधनानं आतल्या भागात निघा. निघता आलं नाही तर पक्क्या इमारतीत, काचांपासून लांब थांबा. औषधं, पाणी, बॅटरी आणि रोख पैसे जवळ ठेवा. वारा अचानक थांबला तर बाहेर पडू नका. वादळाचा मधला डोळा वरून जात असताना थोडा वेळ शांत वाटतं, मग वारा उलट दिशेनं तेवढ्याच जोरानं येतो.

• लाटा बघायला किनाऱ्यावर जाणं: कधीही नाही. वादळात वाऱ्यापेक्षा किनाऱ्यावर चढणारं समुद्राचं पाणी अधिक बळी घेऊ शकतं.

वादळ गेल्यावर

वादळ गेलं म्हणून लगोलग निघणंही बरं नाही. पहिले काही आठवडे त्या गावाला स्वतःचीच घडी बसवायची असते. पण त्यानंतर मात्र जावं. आवर्जून जावं. पुरीसारखं गाव यात्रेकरूंवर जगतं. रिक्षावाला, खाज्याचा दुकानदार, शंख-शिंपल्यांच्या माळा विकणारी बाई, लॉजचा पोऱ्या, या सगळ्यांचा मोसम वादळानं नेलेला असतो. त्या वेळी आलेलं एक कुटुंब त्यांना भार नसतं, आधार असतं.

फणी ३ मेला येऊन गेलं आणि त्याच वर्षी ७ मेला अक्षय्य तृतीया होती. पुरीत रथांचं काम सुरू होण्याचा तो दिवस. गावात वीज नव्हती, झाडं आडवी पडली होती. तरी ४ जुलैला रथ निघाले आणि लोक आले.

तेव्हा आजीला एवढंच सांगावं, "आई, जगन्नाथ कुठे जात नाही. दोन महिन्यांनी जाऊ, पण नक्की जाऊ." आणि कपात होऊन परत आलेल्या पैशांतून त्याच संध्याकाळी पुढचं आरक्षण करून टाकावं, म्हणजे हा शब्द नुसता शब्द राहणार नाही.